व्हिडिओ नंतर, आधी जबाब

ताई, तुमची धाकटी बहीण आणि तिच्या दोन गुरुभगिनी सिंहगड रोडवरच्या दरबारातून बाहेर पडल्यात, 'एकांत सेवे'च्या नावाखाली महाराजांनी काय केलं ते तिघी मिळून व्हिडिओत सांगणार आहेत, आणि आई म्हणतात सहा वर्षांनी कशाला उकरून काढायचं. मी पुण्यात अशा बायकांसोबत पोलीस ठाण्यात नि कोर्टात बरीच वर्षं जातेय, त्यावरून सांगते.

व्हिडिओ थांबवा. कायमचा नाही, जबाब होईपर्यंत. आणि तिघींचा तो व्हॉट्सॲप ग्रुप आजपासून गप्प ठेवायला सांगा. डिलीट अजिबात करू नका, फक्त त्यात घटनेबद्दल आता अक्षरही नको. "तुलाही असंच म्हणाले का गं?" असं विचारावंसं वाटणं साहजिक आहे. पण बोलता बोलता तिघींच्या तोंडी तेच शब्द, तोच क्रम येतो, आणि उलटतपासणीत समोरचा वकील म्हणतो, या बायका पढवलेल्या आहेत. प्रत्येकीने एकटीने बसून, आपल्या हाताने, आठवेल तसं लिहावं. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नये. 'गुरुपौर्णिमेनंतरच्या गुरुवारी, शेजारतीनंतर' एवढं चालतं. मग देणगीच्या पावत्या शोधा. पावतीवर तारीख असते, घेणाऱ्या सेवेकऱ्याची सही असते. ती त्या दिवशी तिथे होती हे दाखवायला असा कागद फार उपयोगी पडतो. सेवेच्या पाळ्यांचा तक्ता कोणी फोनमध्ये टिपला असेल तर तोही.

सहा वर्षांचं म्हणाल तर बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते. आसारामच्या सुरतच्या माजी शिष्येने 2001 ते 2006 मधल्या अत्याचारांची तक्रार 2013 मध्ये केली, आणि गांधीनगरच्या कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये त्याला जन्मठेप दिली. उशीर का झाला हे विचारणारच, म्हणून त्याचं कारण पहिल्याच जबाबात यायला हवं. 'तू मागच्या जन्मीची माझी पत्नी', 'गुरुनिंदा केलीस तर घर बसेल' असलं काही म्हटलं असेल तर लाजून गाळू नका. मागच्या जन्मीचं नातं सांगून किंवा दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक संबंध ठेवणं हा आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत वेगळा गुन्हा आहे, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षेचा. दाभोलकरांचा ओंकारेश्वर पुलावर खून झाल्यावर सरकारला जो वटहुकूम सुचला, त्याचाच पुढे हा कायदा झाला.

तिघींपैकी कोणी तेव्हा अठराच्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागेल, ते आधी बघा.

तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, पुढे मॅजिस्ट्रेटसमोरही होतो. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. धमक्या आल्या तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. आसाराम प्रकरणातलेच एक साक्षीदार, महेंद्र चावला, सर्वोच्च न्यायालयात गेले म्हणून 2018 मध्ये ही योजना लागू झाली. आणि तुम्ही स्वतः कुठेही बहिणीचं नाव लिहू नका. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आपुलकीने केलं तरी.

आई अजून गुरुवारी दरबारात जातात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना समजवायचं नंतर बघू. ठाण्यात कधी जाणार ते मात्र त्यांना आधी कळू देऊ नका. सेवेकऱ्यांचा फोन आला तर आईंना खोटं बोलता येणार नाही.