वजन ६८ किलो, उंची १६८ सेंमी, फक्त पोट सुटलंय. याला लठ्ठपणा म्हणायचा का?

मी डॉक्टर नाही. सोलापुरात गणवेश शिवायचा धंदा आहे, २५ वर्षं लोकांच्या कमरा मोजतोय. म्हणून आधी विचारतो, पोटाचं माप घेतलंत का? पँटचा नंबर सांगू नका, तो खोटा असतो. पोट सुटलं की माणूस पँट पोटाखाली घालतो आणि "माझा अजून ३४च" म्हणतो. मीही म्हणायचो. बेंबीवरून टेप फिरवला तर ३९ इंच भरले.

टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा, श्वास सहज सोडून. पोट आत ओढायचं नाही (गिऱ्हाईक हमखास ओढतं). आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी (साधारण साडेपस्तीस इंच), बायकांना ८० सेंमी ही हद्द धरतात.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ येतो. जागतिक तक्त्यात तो ठीक, पण भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कारण आपण दिसतो किडकिडीत, चरबी आत असते. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२!

कातडीखालची चरबी त्यामानाने गरीब. आतड्यांभोवतीची वाईट, ती थेट यकृताकडे जाते. मग इन्सुलिन असूनही नीट काम करत नाही, साखर चढते, बीपी चढतो. माझं वजन ७१ होतं, जाडा कुणीच म्हणालं नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात फॅटी लिव्हर निघालं. साखरही काठावर. घोरणं तेवढं घरच्यांना आधीपासून ठाऊक होतं.

भाकरी सोडली नाही, सोलापुरात राहून ते जमणारही नाही. पण शेंगदाण्यात मुळातच निम्मं तेल, त्या चटणीवर आणखी तेल ओतायचो, ते बंद केलं. दुकानातले चार गोड चहा एकावर आणले. ऊन चढायच्या आत सिद्धेश्वर तळ्याकडे चालायला जातो. वर्षात चार किलो उतरले, पोट ३६ वर आलंय. अजून अर्धा-पाऊण इंच बाकी.

तुम्ही उद्या सकाळी उपाशीपोटी माप घ्या. ९० च्या वर गेलं तर साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि तोवर नवी पँट शिवायला टाकू नका.