पापडखारातला 'खार' आणि पाण्यातला 'क्षार'

प्रश्न असा आहे: मराठी शाळेच्या पुस्तकात मीठ हा 'क्षार' असतो. हिंदी पुस्तकात मात्र मीठ म्हणजे 'लवण', आणि 'क्षार' म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. यातले बरोबर कोणते? आणि पापडखार कुठल्या अर्थाने खार?

दोन्ही बरोबर आहेत, आणि पापडखार दोन्ही अर्थांनी खार आहे.

जुना अर्थ हिंदीने राखला. आयुर्वेदातला क्षार राखेतून निघतो. वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, ते पाणी गाळून आटवायचे. उरते ते बहुतांशी पोटॅशियम कार्बोनेट. जवाच्या राखेतून निघतो तो जवखार. आघाड्याचा क्षार तर भगंदरावरच्या (गुदद्वाराजवळच्या नासूरावरच्या) क्षारसूत्रासाठी, म्हणजे क्षाराचा लेप दिलेल्या दोऱ्यासाठी, आजही लागतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 11वा अध्याय पूर्णपणे क्षार करण्या-वापरण्याबद्दल आहे. राखेच्या पाण्यात भाजलेली चुनखडी आणि शंखशिंपले घालायलाही तिथे सांगितले आहे. ही पायरी वाचताना मला दर वेळी थक्क व्हायला होते. कारण चुन्याशी संयोग झाला की कार्बोनेट खडूच्या रूपात तळाशी बसते आणि वर द्रावणात उरते ते दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड. क्षाराने जास्त भाजले तर आंबट पदार्थ लावावा, हेही त्याच अध्यायात आहे. आपण शाळेत शिकलो ते उदासिनीकरण हेच. (अरबी 'अल-कली' हाही मुळात राखेचाच शब्द. आसामात केळीच्या सालीच्या राखेचे पाणी घालून जेवणातला पदार्थ करतात, त्यालाही 'खार'च म्हणतात.)

मराठीत हा शब्द चवीकडे सरकला. खारट, खारे दाणे, लोणच्याचा खार, खारेपाट, खारफुटी: या सगळ्यांत मीठ आहे, राख कुठेच नाही. 'लवण' मात्र रोजच्या बोलण्यातून मागे पडले. लोणचे, अळणी अशा शब्दांत ते रूप बदलून टिकले आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तकांनी सोडियम क्लोराइडच्या अख्ख्या कुळाला 'क्षार' म्हटले, ते मला मराठीच्या वळणाला धरूनच वाटते. मग आम्लाच्या विरोधकासाठी वेगळा शब्द हवा होता. तो 'आम्लारी' झाला, म्हणजे आम्लाचा अरी. फार नेमका शब्द आहे. पाण्यात विरघळणारी आम्लारी ती 'अल्क'.

आता पापडखार. तो मुख्यतः सोडियमच्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचे मिश्रण असतो. रसायनशास्त्राच्या आजच्या भाषेत हे दोन्ही क्षारच, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारे पदार्थ. पण त्यातले आम्ल, कार्बोनिक आम्ल, दुबळे आणि अल्क जोरकस, म्हणून पाण्यात विरघळल्यावर अल्काचा गुण वर येतो. पापडखाराच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका, ती लालसर होईल. मिठाच्या पाण्यात ती पिवळीच राहते. म्हणजे पापडखार सुश्रुताच्याही अर्थाने क्षार आणि पाठ्यपुस्तकाच्याही. मीठ फक्त दुसऱ्या अर्थाने, कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे निव्वळ अल्क) फक्त पहिल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात मीठही आहे आणि सोडाही. त्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; 7च्या वर अल्क) 10च्या आसपास असतो.

'पाण्यात क्षार फार आहेत' असे आपण म्हणतो तेव्हा अर्थ पाठ्यपुस्तकातला: कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंचे विरघळलेले क्षार. बादलीवर पांढरा थर धरतो तो त्यांचाच.

खरी पंचाईत शेतीत होते. ऊसपट्ट्यात पाणी जास्त देऊन बिघडलेल्या जमिनीला सरसकट 'क्षारपड' म्हणतात, पण त्यात दोन वेगळे बिघाड असतात. एकात विरघळणारे क्षार साचतात. निचरा करून भरपूर गोड्या पाण्याने ते धुऊन काढता येतात. दुसऱ्यात मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो, सामू 8.5च्या वर जातो, जमीन ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. तिला नुसते पाणी देऊन भागत नाही. जिप्सम घालावे लागते, म्हणजे त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. अशा जमिनीला मराठीत 'चोपण' हा स्वतंत्र शब्द आहे आणि कृषी विद्यापीठांनीही तोच घेतला आहे. माती परीक्षणाच्या अहवालावर बोलताना 'क्षारपड' म्हणून थांबू नये. खारवट की चोपण, हे विचारून घ्यावे.