पाळीच्या ॲपने दिलेली तारीख पाळली, तरी दिवस का राहत नाहीत?

"मॅडम, ॲपने दाखवलेला एकही दिवस आम्ही सोडला नाही. तरी पाळी आलीच. माझ्यातच काहीतरी दोष असणार." सायली (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) एकोणतीस वर्षांची. हा प्रश्न आता मला इतक्या जणी विचारतात, की तिची परवानगी घेऊन सविस्तर लिहिते आहे.

मी तिला ॲपमधल्या जुन्या नोंदी उघडायला सांगितल्या. एक चक्र 31 दिवसांचं, पुढचं 30, मग 38. ॲपने सरासरी धरली 33 आणि एकोणिसाव्या दिवशी बीज सुटेल असं मानून चौदा ते एकोणीस हे दिवस रंगवले. पण बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो, तो फारसा हलत नाही. पुढेमागे होतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे पुढचं चक्रही 38 दिवसांचं निघालं, तर त्यात बीज चोविसाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. मग खरे दिवस एकोणीस ते चोवीस. आणि एकोणीसनंतर हे दोघं "या महिन्याचं झालं" म्हणून थांबलेले!

ॲपला बीज दिसत नाही हो. आपण टाकलेल्या तारखांवरून ते अंदाज बांधतं. पाळी अगदी नियमित असेल तर अंदाज बरा निघतो, नाहीतर तो रंगीत गोल पंचांगातल्या पावसाच्या भाकितासारखाच. लघवीची पट्टी त्यापेक्षा जवळचं सांगते, कारण बीज सुटण्याच्या दिवस-दीड दिवस आधी वाढणारं एलएच हार्मोन ती पकडते. पण पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्यांत ते एरवीही वाढलेलं असू शकतं, मग पट्टीही फसवते.

हे गणित सायलीला लगेच पटलं. तिच्या नवऱ्याचं, नीलेशचं, मात्र वेगळंच होतं. तो चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. दुपारी तिचा मेसेज यायचा, "आज लवकर या, हिरवा दिवस आहे." एकट्याशी बोलले तेव्हा म्हणाला, "त्या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घेतो. घरी जायचं दडपण येतं. जमलं नाही तर ती रात्रभर रडते." माझ्या मते बीजाच्या तारखेपेक्षा हे जास्त महत्त्वाचं होतं. ठरवून दिलेल्या दिवशी अनेक पुरुषांना जमत नाही, त्यात कमीपणा नाही. पण हे घरात बोलायचं कोणी?

म्हणून आम्ही ठरवलं: ॲपमध्ये फक्त पाळीची तारीख टाकायची, सूचना बंद. दर दोन-तीन दिवसांनी जवळ येणारी जोडपी तारखेची चिंता न करताही ते दिवस बहुतेक गाठतात. आणि मेसेज बंद, हा नीलेशचा आग्रह.

डॉक्टरांकडे कधी जायचं, हेही विचारलं जातं. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभराच्या प्रयत्नांनंतर, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. पाळी वारंवार 35 दिवसांपलीकडे जात असेल तर वाट बघूच नका. सायलीच्या थायरॉइडपासून सोनोग्राफीपर्यंत सगळ्या तपासण्या सासूबाईंनी आधीच करवल्या होत्या आणि त्या ठीक होत्या. नीलेशची एकही नव्हती! वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा जोडीने, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी तपासणी. तरी आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते, याचा मला दर वेळी राग येतो.

त्याने ती केली. शुक्राणूंची हालचाल कमी आली, उपचार सुरू आहेत. दिवस अजून राहिलेले नाहीत. पण नीलेशने ओव्हरटाइम सोडला आहे आणि रिपोर्ट घेऊन मागच्या वेळी तोच आधी आत आला. "गोड बातमी कधी?" या सासूबाईंच्या प्रश्नाला दोघांपैकी कोणी उत्तर द्यायचं, ते पुढच्या भेटीत ठरवायचं आहे. तो म्हणतो, मी देतो.