टोकन घासू नका!

अमेरिकी यादवी युद्धातल्या तांब्याच्या टोकनांबद्दल तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात. पुन्हा एकदा सांगतो.

प्रश्न : सरकारी नाणी असताना दुकानदारांनी टोकनं का पाडली?

नाणी लोकांनी घरात दडवली म्हणून. 1862 मध्ये सोनं-चांदी बाजारातून गेली, पाठोपाठ सेंटही दिसेनासा झाला. सुटे द्यायचे कुठून? सिनसिनाटी, न्यूयॉर्कच्या दुकानदारांनी सेंटच्याच आकाराची टोकनं पाडून घेतली. 1864 मध्ये कायद्याने ती बंद झाली.

प्रश्न : माझ्या टोकनावर 'वन सेंट' लिहिलंय. म्हणजे सरकारीच ना?

नाही. भिंग घ्या. त्या ठळक अक्षरांच्या डोक्यावर बारीकसं 'नॉट' सापडतं का पाहा.

प्रश्न : आपला 1943 चा भोकाचा पैसा यातच मोडतो का?

नाही. तो सरकारी टांकसाळीतला.

प्रश्न : मामांनी ओहायोहून आणलेली पाच टोकनं काळी पडलीत, एकावर हिरवं आलंय. चिंच-मिठाने घासू का?

अजिबात नको! चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खोडरबर, काहीच नको. देवघरातला तांब्या घासतात तसं हे घासायचं नसतं. एकशे साठ वर्षांत चढलेला तो तपकिरी थर म्हणजे टोकनाचं कवच. आंबट लागलं की थर जातो, आणि खालून गुलाबी, उघडंबोडकं तांबं वर येतं. तो थर पुन्हा चढवता येत नाही. मागे एका गृहस्थांनी असंच लखलखीत टोकन मोठ्या आनंदाने माझ्या हातावर ठेवलं. न्यूयॉर्कच्या लिंडेनमुलर नावाच्या बिअरगृहवाल्याचं, दाढीवाल्या चेहऱ्याचं. दाढीचे केस पार पुसले गेले होते. फार वाईट वाटलं.

हिरवं कोरडं, भुकटीसारखं असेल तर तो कळंक. चिकट असेल तर दोष बहुधा मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा. ते पाकीट आजच बदला. दोन्ही पसरतात, म्हणून पावसाळ्यापूर्वीच जाणकार नाणेतज्ज्ञाला दाखवा. तोवर कडेला धरा, कोरड्या डबीत ठेवा.

प्रश्न : एक विक्रेता 'चांदीचं, अतिदुर्मिळ' टोकन देतोय. सवलत उद्यापर्यंतच आहे.

मग उद्या जाऊ द्या. त्याच साच्यांतून संग्राहकांसाठी चांदीत ठोकलेली टोकनं खरोखर आहेत, म्हणूनच तांब्यावर मुलामा देऊन ती खपवायचा हा धंदा चालतो. फुल्ड क्रमांक (फुल्ड यांच्या टोकन-सूचीतला क्रमांक) आणि वजन लेखी मागा. दुर्मिळतेच्या मापात 'आर-1' म्हणजे पाच हजारांहून जास्त शिल्लक, 'आर-10' म्हणजे एकच. नुसतं 'दुर्मिळ' ऐकून पैसे देऊ नका. आधी तज्ज्ञाला दाखवा. पैसे भरून झाल्यावर फोटो पाठवलात तर मी काय करणार?