पिएरोगीच्या जत्रेला पहिल्यांदाच निघालायस?

शिकागोत नवीन असशील आणि जुलैचा शेवटचा वीकेंड मोकळा असेल, तर इंडियानातलं व्हायटिंग गाठ. १९९५पासून तिथे ११९व्या रस्त्यावर पिएरोगी फेस्ट, म्हणजे पिएरोगी या सारण भरलेल्या पोलिश पदार्थाची जत्रा, भरतो.

शक्यतो शुक्रवारी संध्याकाळीच जा, कारण खरी धमाल मिरवणुकीत. डोक्याला रुमाल बांधलेल्या ‘बूशा’ म्हणजे पोलिश आज्या धिंगाणा घालतात, जत्रेचे शुभंकर मिस्टर पिएरोगी दर्शन देतात आणि गवत कापायची यंत्रं ढकलत एक पथक चक्क गंभीर चेहऱ्याने कवायत करतं!

आता खाणं. पिएरोगी दिसायला आपल्या करंजीची बहीण, पण उकडलेली. मग हवी तर लोण्यात परतलेली. सुरुवात बटाटा-चीजपासून कर, वर परतलेला कांदा आणि सावर क्रीम. शाकाहारी असशील तर ‘आत मांस आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. वरून बेकन घातलंय का, चरबीत परतलंय का, हेही विचार. आंबवलेल्या कोबीच्या सारणातही कधीकधी डुकराचं मांस असतं. एकाच स्टॉलवर पोट भरू नकोस, चौघांत एक प्लेट घ्या. किलबासा सॉसेज सगळीकडे मिळतं, त्याची घाई नको.

कुणा पोलिश आजोबांशी गप्पा रंगल्या, तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय काढ. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले होते.

गाडी लांब लावावी लागेल. ऊन कडक असतं, टोपी विसरू नकोस. थोडी रोख रक्कमही ठेव.