शेगडी नको, आईची छाती हवी

प्रश्न : माझ्या लेकीचं पहिलंच बाळंतपण. नात आठ दिवसांची, वजन २ किलो १०० ग्रॅम. हातपाय गार लागतात. खोलीत शेगडी ठेवून रोज न्हाऊ घालू का? मधाचं बोट चाटवलं तर चालेल? — एक आजी, सांगोला

उत्तर : आजी, शेगडी आधी बाहेर काढा. कोळशाचा धूर बंद खोलीत आई आणि बाळ दोघींच्याही जिवावर बेततो.

आमच्या वॉर्डात अशा बारक्या बाळांना मी आईच्या उघड्या छातीवर ठेवते. अंगात फक्त लंगोट, टोपी, पायमोजे. बाळ उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून सुती साडी घट्ट गुंडाळायची. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या) कमी पडत होते, तिथे ही पद्धत सुरू झाली. लेक दमली की तुम्ही धरा. आजीची ऊबही तितकीच चांगली, हे मी रोज बघते.

न्हाऊ घालायची घाई नको. वजन अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. नाळेला तेल, हळद काही नको. मध तर वर्षभर नाहीच. त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं. अंगावरचं दूध दर दोन तासांनी, नात झोपली असली तरी उठवून.

आणि आत्ताच हाताच्या मागच्या बाजूने तिचं पोट चाचपा. तेही गार असेल किंवा ती दूध ओढत नसेल, तर छातीशी धरूनच तिला तडक दवाखान्यात न्या.