पॅलिओ सुरू करताय? आधी दाण्याच्या कुटाकडे बघा

स्वागत! पॅलिओ म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाणं: मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं; धान्य, कडधान्य, दूधदुभतं आणि साखर बंद. पहिल्याच आठवड्यात बदामाच्या पिठाच्या पोळ्या लाटायला जाऊ नका. फाटतात, तव्याला चिकटतात, माणूस वैतागतो.

नव्यांची हमखास चूक म्हणजे उपवासाचं ते पॅलिओ समजणं. साबुदाणा निव्वळ स्टार्च, वरी धान्य, आणि शेंगदाणा तर चक्क कडधान्यांच्या कुळातला! भाजीत कुटाऐवजी ओलं खोबरं किंवा भाजलेल्या तिळाची पूड घाला. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षरही वाचा, बऱ्याचदा त्यात गव्हाचं पीठ असतं.

रोजसाठी एवढं पुरे:
- उकडलेली अंडी फ्रीजमध्ये तयार
- रवा न लावता तव्यावर भाजलेला बांगडा, सोबत सोलकढी
- परतलेली पालेभाजी

दिवाळीत खजूर-खोबऱ्याचे लाडू करा, पण दोनच खा, खजूरही गोडच. तूप दुधाचंच, मग ते चालतं की नाही, हा वाद नंतर.